चौतीस पायऱ्यांचं कूलंट

शनिवार, ८ मार्च. संध्याकाळ.

आज गॅरेजवाल्याशी कायमचे संबंध तोडले.

गेलो होतो सरळ मनाने. म्हटलं, दोन वर्षं झाली, गाडीचं कूलंट बदलायचंय, वार सांग. तर बॉनेटसुद्धा न उघडता, फडक्याला हात पुसत म्हणतो, साहेब, कूलंटला काही झालेलं नाही, राहू द्या. काम नको म्हणणारा मेकॅनिक! बावीस वर्षं मी पंपांच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला काढली आहेत. माणूस काम नको म्हणतो तेव्हा एक तर त्याला ते येत नसतं, नाहीतर आधीचं काहीतरी झाकायचं असतं. मी सांगितलं, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, माझ्या वहीत तारीख आहे. तो म्हणे, अहो, गेल्या महिन्यातच तुमचे सासरे... तिथेच तोडलं त्याला. माझ्या गाडीशी माझ्या सासऱ्यांचा काय संबंध?

वर आगाऊपणा म्हणजे, निघताना म्हणतो, घरी करायच्या भानगडीत पडू नका हं. मी तसं काही म्हटलंही नव्हतं. आता मात्र करणारच.

रविवार, ९ मार्च. सकाळी १०.

निश्चय. कूलंट मी स्वतः बदलणार. घरच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने, २४ तारखेच्या आत.

२४ला सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि इतका पिकलाय की समोर चहा ठेवला तर आधी बशी चाचपतात. डोळ्यांचं हॉस्पिटल चाळीस किलोमीटर लांब, मध्ये मोठा चढ, सकाळी आठच्या ठोक्याला हजर. वेळ चुकली तर पुढची तारीख थेट जूनमध्ये. ही महिनाभर तेच घोकतेय. चढावर जुन्या कूलंटमुळे इंजिन तापलं तर, हा विचार कुणाच्या डोक्यात आला का? नाही. ह्या घरात सगळ्यांचा विचार मी एकट्याने करायचा.

सासरे चार महिन्यांपासून आमच्याकडे असतात. छत्तीस वर्षं बस डेपोत होते, फोरमन म्हणून रिटायर झाले. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजावरून निदान करतात. ह्याचा बेल्ट सैल आहे, त्याचं बेअरिंग गेलंय. कुणी विचारलेलं नसतं. त्यांना दिसत नाही हे ह्या कामापुरतं माझ्या पथ्यावरच पडेल.

दुपारी १२.

बॉनेट उघडून पाहणी केली. इंजिन जिथे असायला हवं तिथे आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला कुणीतरी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर काहीतरी खरडलंय. अक्षर असं की ओळीवर ओळ चढलेली, एकही शब्द लागत नाही. गॅरेजवाल्याच्या कुणा अर्धवट माणसाचं काम असणार. दुर्लक्ष केलं.

सोमवार, १० मार्च. ऑफिस, लंच टाइम.

प्रोसिजर लिहायला घेतली. कंपनीच्याच फॉरमॅटमध्ये. कुणी म्हणेल घरच्या कामाला ऑफिसचा वेळ वापरतो. वापरतो. ह्या कंपनीने मला ह्याच खुर्चीवर बसवून माझं प्रमोशन तीनदा दुसऱ्याला दिलंय.

काम करणार: मी. तपासणार: मी. मंजुरी: मी. साधारणपणे ह्या तिन्ही सह्या एकाच माणसाच्या असू नयेत असा नियम आहे. तो नियम मीच लिहिलाय, त्यामुळे त्याचा हेतू मला ठाऊक आहे. बाकीच्यांवर विश्वास नसतो म्हणून तो आहे.

रात्रीचं जेवण झाल्यावर.

सासऱ्यांनी कुठून तरी ऐकलं. हिनेच सांगितलं असणार, हिच्या पोटात काही राहत नाही. माझ्या दिशेने, म्हणजे फ्रिजच्या दिशेने तोंड करून म्हणाले, जावईबापू, ते कूलंट मी... मी म्हटलं, बाबा, तुम्ही डोळ्यांची काळजी घ्या, गाडीची मी घेतो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना मोतीबिंदू दिलाय.

प्रोसिजरला एक तक्ता जोडलाय: व्यत्यय. आजचा व्यत्यय क्र. १.

बुधवार, १२ मार्च.

कूलंट आणलं. दुकानदाराने विचारलं, हिरवं की लाल? मी म्हटलं, चांगलं. त्याने गाडीत आत्ता कुठलं आहे विचारलं. नसत्या चौकशा. हिरवं घेतलं. म्हणाला, ह्यात डिस्टिल्ड वॉटर घाला हं, नळाचं नको. म्हणजे पाणीसुद्धा मी त्याच्याच दुकानातून घ्यावं! आमच्या नळाला येतं ते पाणी आम्ही पितो. जे माणसाला चालतं ते गाडीला चालत नाही, असं मानणारी गाडी मला नकोच आहे.

प्रोसिजर पूर्ण झाली. चौतीस पायऱ्या. इतकी सुबक झालीये की साहेबांना नमुना म्हणून दाखवली. पायरी चौदामध्ये व्याकरणाची चूक आहे म्हणाले. मत्सर.

शनिवार, १५ मार्च. दुपार.

उद्याची पूर्वतयारी. सकाळी करणार होतो, पण ऊन होतं. मग ढग आले.

मिश्रण करायला पसरट भांडं हवं होतं. हिने स्वयंपाकघरातलं एकही द्यायला नकार दिला. वर, कूलंट विषारी असतं, पुन्हा विचारू नका, असं मलाच शिकवलं. शेवटी फरशी पुसायची बादली घेतली. ढवळायला बॉनेटचा रॉड काढला, म्हणजे ज्याच्यावर बॉनेट उघडं टेकवतात तो. लांब आहे, लोखंडी आहे, हाताशी आहे. क्लिपमधून अलगद निघाला. गाडी कंपनीवाल्यांनीसुद्धा एवढा उपयोग कल्पनेत आणला नसेल.

पाच लिटर तयार झालं. रंग थोडा गढूळ, वर पांढरट साय. ताजं असलं की असंच असतं. पाच बाटल्यांत भरलं, मार्करने 'नवं' असं लिहिलं.

संध्याकाळी.

प्रोसिजरची प्रत बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली. जागा एकच सपाट होती, तीच जिथे ते खरडलेलं होतं. बरोबर त्याच्यावर चिकटवली, चारही बाजूंनी टेप. आठवडाभर ते गचाळ अक्षर डोक्यात जात होतं.

रविवार, १६ मार्च. सकाळी ७.

आज. इंजिन थंड. मी शांत.

७.१५

रॉड सापडत नाही. बादलीपाशी ठेवला होता, म्हणजे जवळजवळ बादलीपाशी. हिला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या वस्तू मी उचलत नाही. हे वाक्य ती लग्नापासून म्हणतेय, आणि लग्नापासून माझ्या वस्तू सापडत नाहीत.

७.४०

झाडूच्या दांड्यावर बॉनेट टेकवलं. दांडा मोडला. बॉनेट माझ्या डोक्यावर. झाडूंचा दर्जा हा वेगळा विषय आहे.

८.०५

सासरे खाली आले. भिंत धरत, जिन्याच्या पायऱ्या मोजत, एकटे. म्हणाले, आवाज ऐकला, बॉनेट मी धरतो. नको म्हणणार होतो, पण दुसरा इलाज नव्हता. उंची बरी आहे त्यांची. दोन्ही हात वर करून उभे राहिले, खांब उभा करावा तसे. अट घातली की बोलायचं नाही.

९.१०

पायरी अकरा: रेडिएटरखालचा ड्रेन स्क्रू सैल करणे. निघत नव्हता. जोर लावला. वरून सासरे म्हणाले, जावईबापू, प्लॅस्टिकचा असतो तो, बोटांनीच... व्यत्यय क्र. २. जोर लावला. डोकं माझ्या हातात आलं, बाकीचा स्क्रू आत राहिला.

हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे. कंपनीला पत्र लिहिणार.

९.३०

निघालं! कूलंट धो धो निघालं. बरंचसं बादलीत, थोडं माझ्या बाहीतून थेट काखेत. साधारण चार लिटर जमलं. नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे रंग अगदी लख्ख हिरवा, काचेसारखा स्वच्छ. दोन वर्षं जुनं कूलंट इतकं स्वच्छ दिसणं हीच धोक्याची खूण आहे. फसवं असतं. चार बाटल्यांत भरलं, 'जुनं' लिहिलं, पुरावा म्हणून जपून ठेवणार आहे. गॅरेजवाल्याच्या तोंडावर आपटायला.

सासरे म्हणाले, वास तर चांगला येतोय की, नव्यासारखा. व्यत्यय क्र. ३. नाकाने कूलंट तपासतात! आमच्याकडे लॅब आहे त्यासाठी.

११.००

थांबलो. मोडक्या स्क्रूतून ठिबकतंय, त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय भरता येत नाही. सासऱ्यांना सांगितलं, बॉनेट सोडा. लगेच सोडता येईना त्यांना. हात तसेच वर राहिले होते. हिने येऊन एकेक करून खाली घेतले, खांदे चोळले आणि माझ्याकडे न बघता त्यांना वर घेऊन गेली. ह्या घरात सहानुभूती नेमकी कुणाला द्यावी ह्याचं भान कुणालाही नाही. डोक्याला टेंगूळ मला आलंय.

बॉनेटला चिकटवलेल्या प्रतीवरच रेकॉर्ड भरलं. दिनांक, वेळ, कामाचं स्वरूप. सहाय्य: निरंक.

सोमवार, १७ मार्च.

बसने ऑफिसला. तीस वर्षांचा एक माणूस मला उठून जागा द्यायला लागला. मी बसलो नाही, अख्खा प्रवास त्याच्याकडे रोखून बघत उभा राहिलो.

मंगळवार, १८ मार्च. संध्याकाळ.

स्क्रूच्या जागी एपॉक्सी लावलं, दोन गोळे मळून लावतात ते. पाइप फुटला तरी हेच लावतात. दगडासारखं बसलंय. हिने विचारलं, गॅरेजवाल्याला दाखवायचं का एकदा, सोमवारी बाबांना... मी विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? तिने उत्तर द्यायला जो वेळ घेतला तो मी घड्याळात मोजला. अकरा सेकंद. मग ती बाबांना चहा द्यायला निघून गेली.

गुरुवार, २० मार्च. संध्याकाळी ६.

आज भरलं. नोंद सविस्तर घेतो, पुढे कुणी शंका काढायला नको.

नऊ बाटल्या जिन्याखाली एकत्र ठेवल्या होत्या. सगळ्या ओल्या, आणि मार्कर पुसलेला. 'जुनं' आणि 'नवं' दोन्ही गेलं. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. मी तर्क लावला. चार बाटल्या लख्ख स्वच्छ, पाच बाटल्या गढूळ, तळाशी गाळ. स्वच्छ ते नवं, गढूळ ते जुनं. साधं निरीक्षण.

संख्या जुळत नाही हे लक्षात आलंय. नवं पाच होतं, जुनं चार. पण संख्या म्हणजे पुरावा नव्हे. एखादी बाटली मोजताना चुकली असेल, सासरे इकडे आले असतील. रविवारी रंगाबद्दल मी काहीतरी लिहिलं होतं असंही वाटतंय, पण डायरी मागे जाऊन वाचत बसायची नसते, त्याने माणसाचा निर्णय डळमळतो.

चारही स्वच्छ बाटल्या भरल्या. थोडं कमी पडलं, ते नळाचं पाणी. बॉनेट ह्या वेळी हिने धरलं. ऑफिसातून आली ती, पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती. म्हणाली, तुम्हाला एक सांगायचंय, ऐकणार आहात का? मी म्हटलं, पायरी एकतीस चालू आहे. ती म्हणाली, बरं. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते लिहायला ही वही पुरणार नाही.

पायरी बत्तीस, इंजिन चालू ठेवून आतली हवा काढणे, ही रद्द केली. रिव्हिजन एक. हवा हलकी असते, आपली आपण वर निघून जाते. गॅलरीतून सासऱ्यांनी विचारलं, हवा काढली का हो? व्यत्यय क्र. ४.

शनिवार, २२ मार्च. सकाळ.

टेस्ट ड्राइव्ह. बाजारापर्यंत आणि परत, तीन किलोमीटर. काटा मध्यावर, स्थिर. आणि फरक! नव्या कूलंटचा फरक पहिल्या गिअरलाच जाणवतो. इंजिन इतकं मऊ चालतंय की मी दोनदा बंद पडलं समजून किल्ली फिरवली. असं काम दोन वर्षांत त्या कळकट माणसाच्या हातून झालं नव्हतं.

मुद्दाम गॅरेजवरून गेलो. सावकाश. तो बाहेर उभा होता, त्याने हात केला. मी बघितलं नाही. पुढच्या सिग्नलला आरशात बघितलं, माझी गाडी जिथून गेली त्या रस्त्याकडे तो बघत होता. ओले ठिपके होते म्हणे, नंतर हिने सांगितलं, त्याने हिला फोन केला होता. एसीचं पाणी असतं ते. मार्चमध्ये एसी लावला नव्हता, हा भाग वेगळा.

गढूळ पाच बाटल्यांवर 'टाकाऊ' असं लिहून कुलुपात ठेवल्या. हे काम इथे संपलं. मंजुरी: मी.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ६.१५

निघतोय. सासरे मागे, ही त्यांच्याशेजारी. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय, डेपोच्या निरोपसमारंभाला घातला होता तोच म्हणे. बटणं एक घर चुकली होती, हिने पुन्हा लावली.

७.१५. रस्त्याच्या कडेला.

डाव्या हाताने लिहितोय. वस्तुनिष्ठपणे लिहितोय.

६.३५ला चढ सुरू झाला. ६.४०ला सासरे म्हणाले, जावईबापू, गोड वास येतोय. कूलंट बाहेर पडतंय, गाडी थांबवा. मी म्हटलं, म्हातारपणी नाकाला भास होतात. ते म्हणाले, काटा बघा. मी बघितला नाही, कारण त्यांनी सांगितलं होतं. ६.४६ला स्वतःहून बघितला. तोपर्यंत तो वर जाऊन टेकला होता. ६.४७ला बॉनेटमधून वाफ.

सासरे शांतपणे म्हणाले, हीटर फुल्ल लावा आणि कडेला घ्या. हीटर लावला. कडेला घेतलं. हे मी करणारच होतो.

मी उतरल्याबरोबर हिने फोन लावला. मला न विचारता. कुणाला ते विचारायची गरजच नव्हती. एवढंच म्हणाली, या, बाबांची वेळ जाईल हो. मी म्हटलं, दहा मिनिटांत थंड होईल, काळजीचं कारण नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला वाक्य पूर्ण करू दिलं.

सासरे मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. एकदा विचारलं, किती वाजले? हिने सांगितलं, सात. मग म्हणाले, जून काही लांब नाही. मला वाईट वाटलं. म्हणजे रागच आला, पण नेमका कुणाचा ते शोधायला वेळ लागला.

गॅरेजवाला आपली व्हॅन घेऊन सात वाजून दहा मिनिटांनी आला. सासऱ्यांचा हात धरून त्यांना व्हॅनमध्ये बसवलं. त्याने त्यांना फोरमनसाहेब म्हटलं. मला म्हणाला, साहेब, तासभर झाकणाला हात लावू नका, भाजेल. मी म्हटलं, तेवढं कळतं मला.

बोट किंचित लाल झालंय. उन्हाने.

दुपारी १२.१०. तिथेच.

हिचा मेसेज: सात पंचावन्नला पोचलो. ऑपरेशन झालं. बाबा ठीक.

मला कुणी ठीक आहात का विचारलेलं नाही. समोरून एक म्हैस तीनदा येऊन गेली. बिस्किटं संपली.

मंगळवार, २५ मार्च.

सासऱ्यांची पट्टी काढली. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही, पण मुद्दाम नाही, सगळे त्यांच्याच भोवती आहेत. त्यांनी आधी हिचं तोंड बघितलं, खूप वेळ, आणि म्हणाले, केस पिकले की गं तुझे. ती हसत रडली. मग मला बघितलं. म्हणाले, जावईबापू, तुम्ही मला वाटत होतात त्यापेक्षा बारीक आहात.

मग काळा चष्मा लावून गॅलरीत जाऊन बसले. कुंड्या न्याहाळत होते. एकेक पान बघत होते.

गुरुवार, २७ मार्च.

गाडी गॅरेजमधून आली. नवा स्क्रू, नवं कूलंट, हवा काढलेली. गॅरेजवाल्याने एका बाटलीत थोडं जुनं पाठवलं. म्हणे, माल उत्तम होता, नुसता कमी होता आणि आत हवा होती. वर विचारलं, नवं काढून तेच पुन्हा का भरलं म्हणून. त्याला म्हणायचं काय होतं ते कळलं नाही. कळलं नाही असंच लिहितो.

बॉनेटचा रॉड नाही म्हणून त्याने बांबूचा तुकडा दिला होता, तो वाटेत पडला.

शुक्रवार, २८ मार्च.

रविवारची पानं मागे जाऊन वाचली. वाचायला नको होती.

रविवार, ३० मार्च. सकाळी ११.

सासरे म्हणाले, जावईबापू, खाली चला, गाडी बघायचीय मला. अजून मी बघितलीच नाही कधी, नुसती ऐकलीये. नाही म्हणायला कारण सुचेना.

बॉनेट उघडलं. रॉड नाही. इकडे तिकडे बघितलं, टेकवायला काही नव्हतं. ते म्हणाले, धरा ना थोडा वेळ. धरलं. दोन्ही हात वर. बॉनेट चांगलंच जड असतं, हे आधी कुणी बोललं नव्हतं.

वाकून त्यांनी सगळं बघितलं, हात न लावता, हात मागे बांधून. मग मान वर करून माझी प्रोसिजर वाचायला लागले. वाफेने कागद सुरकुतला होता, टेप सुटली होती. चौतीसही पायऱ्या वाचल्या, ओठ हलवत. सहाय्य: निरंक, इथे जरा थांबले. मग कोपरा धरून अलगद कागद सोलला. खालची चिकटपट्टी दिसली.

तिच्यावर होतं: कूलंट बदलले, १ फेब्रुवारी. आता माहीत असल्यावर ते वाचता येत होतं. त्यांनी चष्मा वर केला, पट्टीकडे बघितलं आणि लाजले. म्हणाले, काय हे अक्षर माझं!

आणि मग म्हणाले. मी मध्ये बोललो नाही. हात वर होते, कुठे जाणार? म्हणाले, जावईबापू, ते कूलंट मी एक फेब्रुवारीलाच बदललं होतं, तुम्ही ऑफिसला गेल्यावर, तुमच्या वहीत दोन वर्षं भरत आलीयेत असं लेकीने वाचून दाखवलं म्हणून. भांडं गॅरेजवाल्याचं आणलं, पातळी लेकीने बघितली, बाकी हाताला येतं अजून. म्हटलं, जावयाच्या घरी राहतोय, दिसत नाही, कसला उपयोग नाही, तेवढं एक तरी करावं.

व्यत्यय: निरंक.

मी म्हटलं, सांगायचं होतंत. ते म्हणाले, हो ना.

खिशातून मार्कर काढला. माझाच होता, ऑफिसचा. जुनी पट्टी काढून नवी लावली आणि लिहायला लागले. सावकाश, एकेक अक्षर, ओळ सरळ. कूलंट बदलले, २७ मार्च. काम: गॅरेज. मग मार्कर तसाच धरून क्षणभर माझ्या वर केलेल्या हातांकडे बघितलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

सहाय्य: बॉनेट धरले, जावईबापू.

टोपण लावलं. मार्कर माझ्या खिशात खोचला, कारण माझे हात मोकळे नव्हते. जिन्याकडे गेले. भिंत न धरता. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, आणि हो, तो रॉड गॅलरीत आहे, दारापासून तिसऱ्या कुंडीत. बादलीत दिसला तो लेकीला, काठी समजून वेल बांधलाय त्याला. पट्टी काढली त्याच दिवशी दिसला मला.

त्याच दिवशी म्हणजे मंगळवारी. आज रविवार.

ते वर गेले. मी आणखी थोडा वेळ तसाच बॉनेट धरून उभा राहिलो. अक्षर चांगलं आहे त्यांचं.